मोठ्या कुटुंब-सर्वेक्षणांची मूळ आकडेवारी वापरणाऱ्या विद्यार्थ्यांना मदत कशी करावी?

प्रश्न
संदर्भकक्ष (परभणी)

नमस्कार. मी परभणीतील एका महाविद्यालयाच्या ग्रंथालयात संदर्भ विभाग सांभाळतो. सांख्यिकी घेऊन पदवी मिळवली त्याला सतरा वर्षे झाली आणि त्यातले निम्मे तरी आता विसरलो आहे. तरीही गेल्या जूनपासून संशोधक विद्यार्थ्यांना सर्वेक्षणांच्या आकडेवारीबाबत साहाय्य करण्याचे काम माझ्याकडे सोपवले गेले आहे. प्रत्यक्षात त्यासाठी एक टेबल, एक बऱ्यापैकी संगणक आणि दर शनिवारी दुपारचे दोन तास मिळतात. सुरुवातीला वाटले होते की विद्यार्थी फाइल कुठून उतरवायची एवढेच विचारतील. आता जे प्रश्न येत आहेत ते माझ्या आवाक्याबाहेर जाऊ लागले आहेत, म्हणून येथे लिहीत आहे.

सध्या तीन जण नियमित येतात. पहिली विद्यार्थिनी समाजशास्त्राची असून तिचा विषय बालविवाह हा आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत २० ते २४ वयोगटातील स्त्रियांपैकी अठरा वर्षांच्या आत लग्न झालेल्यांचे प्रमाण महाराष्ट्रात २१.९ टक्के, तर परभणी जिल्ह्यात ४८ टक्के आले, हे तिने अहवालात वाचले. आता तिला मूळ आकडेवारीतून (म्हणजे प्रत्येक घराच्या उत्तरांच्या फाइलीतून) गंगाखेड, पालम, जिंतूर असे तालुकानिहाय प्रमाण काढायचे आहे आणि ४३.७ टक्के असलेल्या बीडशी परभणीची तुलना करायची आहे. दुसरा विद्यार्थी गृहविज्ञानाचा आहे. त्याने स्त्रियांच्या शरीर-वस्तुमान निर्देशांकाची (बीएमआयची) सरासरी काढली आणि ती दोन हजारांच्या वर आली. मी त्याला कुठेतरी चुकले असल्याचे सांगितले, पण कुठे ते सांगता आले नाही. तिसरा अर्थशास्त्राचा असून त्याला मराठवाड्यातील शेतकरी कुटुंबांच्या उपभोग खर्चावर लिहायचे आहे. राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाची फाइल उघडल्यावर त्याला केवळ आकड्यांच्या लांबच लांब ओळी दिसल्या आणि फाइल बिघडली आहे असे समजून तो परत आला.

माझी अडचण अशी आहे की मदतीला सुरुवात कुठून करावी हेच मला उमगत नाही. मी सॉफ्टवेअर शिकवावे, की आधी आणखी काही? शिवाय, एकाने उतरवलेली फाइल पेनड्राइव्हवरून दुसऱ्याला दिली तर चालते का? तसे सर्रास चालताना दिसते. जाणकारांनी सविस्तर लिहावे, ही विनंती.

उत्तर १
मांजराकाठ (लातूर, सांख्यिकीचा अध्यापक)

आपण फार महत्त्वाचे काम हाती घेतले आहे. सॉफ्टवेअरपासून सुरुवात करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. विद्यार्थी समोर बसला की त्याला संगणक उघडू देऊ नका. त्याच्याकडून एका कागदावर तीन गोष्टी लिहून घ्या: त्याला नेमके कोणाविषयी बोलायचे आहे, त्यांना सर्वेक्षणात कोणता प्रश्न विचारला गेला आणि तो प्रश्न कोणाकोणाला विचारलाच गेला नाही. तिसऱ्या मुद्द्यापाशी निम्मे प्रबंध अडखळतात. प्रश्नावली छापून टेबलावर ठेवा. मी ती कोडपुस्तकाच्याही, म्हणजे फाइलीतील संकेतांचा अर्थ सांगणाऱ्या पुस्तिकेच्याही, आधी वाचायला लावतो.

आपल्या गृहविज्ञानाच्या विद्यार्थ्याचे कोडे सोपे आहे. या फाइलींमध्ये दशांशचिन्ह साठवलेले नसते. २१.५० हा निर्देशांक २१५० असा नोंदलेला असतो, त्यामुळे आधी शंभराने भागावे लागते. दुसरी चूक यापेक्षा लबाड आहे. मोजमाप अशक्य कोटीतले निघाले तर तेथे ९९९८ असा खुणेचा आकडा घातलेला असतो. तो वगळला नाही तर शंभराने भागल्यावर ९९.९८ निर्देशांकाच्या बाया सरासरीत शिरतात आणि सरासरी थोडीशीच वर सरकते. ती दोन हजार आली तर निदान शंका तरी येते, पण बाविसाच्या जागी तेवीस आली तर कोणालाच शंका येत नाही. त्याशिवाय गरोदर स्त्रिया आणि नुकत्याच बाळंत झालेल्या स्त्रिया या गणनेतून बाजूला काढायच्या असतात. प्रत्येक चल (फाइलीतील माहितीचा एक रकाना) वापरण्यापूर्वी त्याची वारंवारता-सारणी (कोणता आकडा किती वेळा आला याचा तक्ता) पाहायची, अगदी शेवटच्या ओळीपर्यंत, ही सवय त्याला आताच लावा.

आता बालविवाहाचा विषय. त्या विद्यार्थिनीला तालुक्याचा आकडा मिळणार नाही. ही गोष्ट तिला पहिल्याच दिवशी, पण नीट कारण देऊन सांगावी. पाचव्या फेरीत महाराष्ट्रातील ३१,६४३ कुटुंबांतून ३३,७५५ स्त्रियांच्या मुलाखती झाल्या. जिल्हे ३६ असल्यामुळे एका जिल्ह्याच्या वाट्याला सरासरी साडेनऊशेच्या आतच स्त्रिया येतात आणि त्यांचे वय १५ ते ४९ असते. त्यातल्या २० ते २४ वयाच्या तेवढ्या घेतल्या तर जेमतेम दीड-दोनशे उरतात. त्या नऊ तालुक्यांत वाटल्यावर हाती काय येणार? शिवाय नमुना तालुक्यासाठी काढलेलाच नाही. निवडलेल्या प्रत्येक गावातून किंवा वस्तीतून बावीस घरे घेतली जातात, त्यामुळे एखाद्या तालुक्यात चार गावे आली असतील तर दुसऱ्यात एकच. काही जण यावर तोडगा म्हणून गावांचे अक्षांश-रेखांश मागवून ते नकाशावर टाकतात. ते स्थानबिंदू गोपनीयतेसाठी मुद्दाम हलवलेले असतात: शहरी भागात दोन किलोमीटरपर्यंत, ग्रामीण भागात पाच किलोमीटरपर्यंत आणि ग्रामीण बिंदूंपैकी एक टक्का तर दहापर्यंत. ते जिल्ह्याची हद्द ओलांडत नाहीत, पण तालुक्याची हद्द सहज ओलांडतात.

बीडशी तुलना करण्याबाबत तिला ढोबळ हिशेब करायला लावा. समजा, परभणीत त्या वयाच्या १६० स्त्रिया आहेत आणि प्रमाण ४८ टक्के आहे. घरे गावागावांतून गटाने निवडल्यामुळे अनिश्चितता वाढते. त्यासाठी विचरण (अंदाजाचा फैलाव) दीडपट धरले तर ९५ टक्क्यांचा कॉन्फिडन्स इंटरव्हल, म्हणजे खरे प्रमाण ज्यात असण्याची दाट शक्यता तो पट्टा, दोन्ही बाजूंना साधारण साडेनऊ टक्के-बिंदूंचा येतो, म्हणजे सुमारे ३८ पासून ५७ पर्यंत. बीडचे ४३.७ त्याच्या पोटातच बसतात. त्यामुळे परभणी बीडच्या पुढे आहे, हे वाक्य प्रबंधात लिहिता येत नाही. मात्र राज्याचे २१.९ या पट्ट्याच्या पार खाली आहेत, म्हणून परभणीत हे प्रमाण राज्यापेक्षा कितीतरी अधिक आहे, हे वाक्य छातीठोकपणे लिहिता येते. वर्तमानपत्रांतून जिल्ह्यांचे क्रमांक लावले जातात तेव्हा हा पट्टा कोणी छापत नाही.

आणखी एक खड्डा आहे. सगळे प्रश्न सगळ्या घरांत विचारलेले नसतात. कौटुंबिक हिंसाचार, स्त्रीचा रोजगार, पतीची पार्श्वभूमी यांविषयीचे प्रश्न आणि पुरुषांच्या मुलाखती केवळ सुमारे १५ टक्के घरांमध्ये घेतल्या गेल्या, कारण तो भाग राज्यपातळीच्या अंदाजासाठी होता. मागे एक विद्यार्थी जालना जिल्ह्यातील हिंसाचाराचे प्रमाण दोन दशांशांपर्यंत काढून घेऊन आला होता. मी त्याला फक्त छेद, म्हणजे ज्यांवरून टक्केवारी काढली त्या स्त्रियांची संख्या, मोजायला सांगितला. तो मोजून आल्यावर त्याने स्वतःच ते प्रकरण मागे घेतले. हिंसाचाराच्या प्रश्नांना भारही वेगळा असतो, कारण एका घरातून एकाच स्त्रीला ते विचारले जातात.

भार म्हणजे ज्याला सगळे वेट म्हणतात तो, नमुन्यातल्या प्रत्येक उत्तराला किती वजन द्यायचे ते सांगणारा आकडा. तो दहा लाखांनी भागून वापरावा लागतो. भार लावला म्हणजे झाले, असे पुष्कळांना वाटते, पण तो लावल्याने केवळ अंदाज सुधारतो. अनिश्चितता बरोबर येण्यासाठी संस्तर (नमुना काढण्यापूर्वी पाडलेले गट) आणि प्राथमिक निवड-घटक (आधी निवडलेली गावे-वस्त्या) हे दोन्ही सॉफ्टवेअरला सांगावे लागतात. एका जिल्ह्याचे विश्लेषण करायचे असले तरी बाकीच्या ओळी आधीच पुसून टाकू नयेत. पूर्ण फाइलीवर नमुन्याची रचना जाहीर करावी आणि नंतर तिचा उपसंच घ्यावा.

एक्सेलबद्दल एवढेच लिहितो की त्याच्या एका पानावर १०,४८,५७६ ओळी मावतात आणि पाचव्या फेरीची देशभराची सदस्यांची फाइल अठ्ठावीस लाखांच्या वर आहे. उरलेल्या ओळी कुठे गेल्या हे फाइल जतन केल्यानंतर शोधून सापडत नाही.

उत्तर २
चूल-पान (बीड, पूर्वी क्षेत्रीय अन्वेषक)

मांजराकाठ सरांनी आकड्यांची बाजू मांडली आहे. मी एका मोठ्या सर्वेक्षणासाठी धारूर, केज, कळंब या भागांत दारोदार फिरलो आहे, म्हणून ते आकडे फाइलीत कसे येतात ते लिहितो.

सर्वेक्षणातले कुटुंब आणि आपल्या बोलण्यातले कुटुंब या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सर्वेक्षणात चूल मोजली जाते. एकाच वाड्यात तीन भाऊ राहतात, सातबारा अजून वडिलांच्या नावावर आहे, पोळ्याला बैल एकत्र सजतात, पण स्वयंपाक वेगळा, तर ती तीन कुटुंबे धरायची. उलट, पुतण्या चुलत्याच्या ताटात जेवत असेल तर तो त्याच कुटुंबाचा. एकत्र कुटुंबपद्धती मोडत चालली आहे का, असा प्रश्न घेऊन एखादा संशोधक आपल्याकडे आला तर त्याला ही व्याख्या आधी वाचून दाखवा, नाहीतर तो चुलींची संख्या मोजून नात्यांवर निष्कर्ष काढेल.

वय विचारणे हा स्वतंत्र अध्याय आहे. जन्मदाखला किंवा शाळा सोडल्याचा दाखला बहुतेक घरांत त्या क्षणी सापडत नाही. मग आम्ही खुणा विचारायचो. थोराड बाईला विचारायचे, बहात्तरच्या दुष्काळात तुम्ही होता का, की तुमचा जन्म त्यानंतरचा? तरुण बाईला विचारायचे, किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा तुम्ही पाळण्यात होता की झाल्याच नव्हता? कळंबकडे एका सासूने सुनेच्या वतीने उत्तर दिले होते की ती भूकंपानंतरच्या पहिल्या वेळा अमावस्येला झाली, कारण तिच्या माहेरी त्या वर्षी शेतात कोणी जेवायला गेले नव्हते. असा पक्का धागा मिळाला की बरे वाटायचे, पण दर वेळी तो मिळत नाही. आता हिशेब पाहा. भूकंप ३० सप्टेंबर १९९३ चा आणि पाचव्या फेरीचे महाराष्ट्रातील काम २०१९ च्या उत्तरार्धातले. भूकंपानंतर लगेच जन्मलेली स्त्री तेव्हा पंचवीस-सव्वीस वर्षांची होती. तिच्या वयात दीड वर्षाची चूक झाली तर ती २० ते २४ च्या गटात येते. त्यामुळे वयोगटाच्या कडेवरच्या स्त्रियांबद्दल फार आग्रहाने काही बोलू नये. लग्नाच्या वयाबाबत आणखी एक अडचण असते. अठराच्या आतले लग्न बेकायदा आहे हे आता वाडी-वस्तीवरही माहीत आहे, त्यामुळे उत्तर देणारी एकदा दाराकडे बघते आणि मग अठरा म्हणते. लग्न झालेले वर्ष आणि प्रत्यक्ष नांदायला गेलेले वर्ष हे प्रश्नही वेगवेगळे असतात. आपल्या विद्यार्थिनीने कोणता चल घेतला आहे ते पाहावे.

आरोग्य सर्वेक्षणात आदल्या रात्री त्या घरात मुक्कामी असलेल्या स्त्रीची मुलाखत होते. पहिले बाळंतपण माहेरी करण्याची आपल्याकडची रीत लक्षात घेतली तर नांदेडच्या सासरची स्त्री परभणीच्या माहेरी मोजली जाणार, हे उघड आहे. ती त्या घरची नेहमीची रहिवासी आहे की पाहुणी, याची नोंद फाइलीत असते, आणि प्रसूतीवर काम करणाऱ्याने तिच्याकडे दुर्लक्ष करू नये.

शेवटचा मुद्दा ऊसतोडीचा. दसरा-दिवाळीच्या सुमारास बीड जिल्ह्यातील आणि भोवतालची कुटुंबे कोयता घेऊन कारखान्यांकडे जातात आणि मार्च-एप्रिलपर्यंत परतत नाहीत. अन्वेषक त्या काळात गावात पोचला तर त्याला कुलूप दिसते. निवडलेल्या घराऐवजी शेजारचे घर घेण्याची मुभा नसते, आणि ते योग्यच आहे. पण मग फाइलीत त्या घरासमोर केवळ मुलाखत न झाल्याची नोंद राहते. कारखान्याजवळच्या कोप्यांवर (झोपड्यांत) राहणारी तीच माणसे तिकडच्या नमुन्यात सापडतीलच, असे नाही. ज्या घरांतून मुलीचे लग्न लवकर करून जोडीने कोयता (नवरा-बायकोला मिळून मिळणारे तोडीचे काम) मिळवण्याची घाई असते, नेमकी तीच घरे बंद असतात. आपली विद्यार्थिनी बीडबद्दल लिहिणार असेल तर मुलाखती कोणत्या महिन्यात झाल्या तो चल तिने जरूर पाहावा; तो फाइलीतच असतो.

संदर्भकक्ष (परभणी)

दोघांचाही मनापासून आभारी आहे. कुलूप लागलेल्या घरांचा विचार माझ्या मनात कधीच आला नव्हता, आणि परभणीत राहून तो आला नाही याची थोडी लाजही वाटली. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याचा प्रश्न मात्र अद्याप उरला आहे. २०२२-२३ च्या घरगुती उपभोग खर्च सर्वेक्षणाची फाइल त्याने पुन्हा उतरवून घेतली, तरी ती तशीच आहे. त्याला आठही जिल्ह्यांचा वेगवेगळा खर्च काढायचा आहे.

उत्तर ३
गुणक (छत्रपती संभाजीनगर)

फाइल बिघडलेली नाही. राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाच्या मजकूर-फाइलींत एका ओळीत सगळी माहिती सलग लिहिलेली असते, आणि कितव्या स्थानापासून कितव्या स्थानापर्यंत काय आहे ते मांडणीच्या स्वतंत्र तक्त्यात दिलेले असते. तो तक्ता हाताशी नसेल तर त्या ओळी म्हणजे पोत्यात भरलेले सुटे आकडे. तक्त्यावरून फाइल वाचताना सांकेतिक क्रमांक मजकूर म्हणूनच वाचावेत, अन्यथा सुरुवातीची शून्ये गळतात आणि कुटुंबाची ओळख पटवणारा क्रमांक दोन फाइलींत जुळत नाही. ही चूक मी स्वतः केली आहे आणि तिच्यात माझे आठ दिवस गेले.

मराठवाड्यासाठी तयार सोय आहे. राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाने महाराष्ट्राचे सहा विभाग पाडले असून त्यांतला अंतर्गत मध्य विभाग म्हणजे आपले आठ जिल्हे. राज्याचा क्रमांक २७ आणि पुढे विभागाचा ४, असा तो २७४ येतो. या विभागाचा अंदाज विश्वासाने काढता येतो. आठ जिल्ह्यांचे आठ आकडे काढण्यापेक्षा विभागाचा एक आणि बाकीच्या पाच विभागांशी तुलना, असा प्रबंध अधिक भक्कम होईल. जिल्ह्यांचा आग्रहच असेल तर केंद्राच्या नमुन्यासोबत राज्याच्या अर्थ व सांख्यिकी संचालनालयाने घेतलेला नमुनाही असतो आणि दोन्ही एकत्र करून पाहता येतात. मात्र ते स्वतंत्र तंत्र आहे आणि पीएच.डी.च्या पहिल्या वर्षी त्यात पडू नये.

गुणकाच्या (म्हणजे या सर्वेक्षणातील भाराच्या) बाबतीत बहुतेक फेऱ्यांत शेवटचे दोन अंक दशांश असतात, म्हणजे शंभराने भागायचे. काही फेऱ्यांत उपनमुन्यांच्या संख्येवरून कधी शंभराने, तर कधी दोनशेने भागावे लागते. हे सूत्र त्या फेरीच्या सोबतच्या सूचनापत्रात दिलेले असते आणि ते दर वेळी वाचावे. पाठ करून ठेवू नये. दरडोई खर्चाची सरासरी काढताना गुणकाला कुटुंबातील माणसांच्या संख्येने गुणायचे, ही गोष्ट हमखास राहून जाते. तसे केले नाही तर दोन माणसांचे घर आणि नऊ माणसांचे घर सारखेच मोजले जाते, आणि मोठी घरे बहुधा गरीब असल्यामुळे सरासरी फुगते.

त्याला पहिले काम हे द्या: देशाचा छापील आकडा स्वतः काढून दाखव. २०२२-२३ साठी दरमहा दरडोई खर्च ग्रामीण भागात ३,७७३ रुपये आणि शहरी भागात ६,४५९ रुपये असा प्रसिद्ध झाला आहे. त्यात मोफत मिळालेल्या धान्यासारख्या वस्तूंची अंदाजी किंमत धरलेली नाही. ती धरून काढलेले आकडे वेगळे छापले आहेत. या फेरीत एकाच घराला तीन भेटी देऊन अन्न, नेहमीच्या वापरातील वस्तू व सेवा आणि टिकाऊ वस्तू यांच्या तीन वेगळ्या प्रश्नावल्या भरल्या गेल्या. त्या तिन्ही जोडल्याशिवाय हा आकडा येत नाही. तो जुळेपर्यंत मराठवाड्याकडे वळायचे नाही, असे त्याला बजावून सांगा.

शेतकरी कुटुंबांविषयी एक सूचना आहे. घरची ज्वारी, घरची तूर यांचा वापरही खर्चात धरला जातो आणि त्याची किंमत शेतावरच्या भावाने लावली जाते, दुकानातल्या भावाने नव्हे. त्यामुळे कणगीतले धान्य खाणारे घर आणि तेवढेच धान्य विकत घेणारे मजुराचे घर यांत खाणे सारखे असूनही खर्च वेगळा दिसतो. हे कळल्याशिवाय शेतकऱ्याचा खर्च कमी म्हणजे तो अर्धपोटी, असे लिहिले जाण्याचा धोका आहे. उत्पन्न, कर्ज आणि मुकादमाची (ऊसतोड मजूर नेणाऱ्या ठेकेदाराची) उचल यांची उत्तरे या सर्वेक्षणात शोधू नयेत.

जिल्ह्यांच्या नावांवरून दोन फाइली जोडायला तर अजिबात परवानगी देऊ नका. जुन्या फेऱ्यांत औरंगाबाद आणि उस्मानाबाद अशी नावे आहेत आणि औरंगाबाद नावाचा जिल्हा बिहारमध्येही आहे. राज्य आणि जिल्हा असे दोन्ही क्रमांक घेऊनच फाइली जोडाव्यात. १९९९ पूर्वीची आकडेवारी वापरायची असेल तर त्या वेळच्या परभणीत हिंगोलीही होते, हे आपल्याला सांगायला नको.

उत्तर ४
मांजराकाठ (लातूर)

पेनड्राइव्हचा मुद्दा आमच्याकडून राहिला. राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाची आकडेवारी मंत्रालयाच्या संकेतस्थळावर नोंदणी करून विनामूल्य मिळते, म्हणून ती हातोहात देण्याचे काही कारणच नाही. आरोग्य सर्वेक्षणाची आकडेवारी ज्या आंतरराष्ट्रीय भांडारातून मिळते तेथे आपल्या प्रकल्पाचे वर्णन देऊन अर्ज करावा लागतो आणि मिळालेली फाइल लेखी संमतीशिवाय इतर संशोधकांना देता येत नाही. ग्रंथालयाच्या संगणकावर ती सर्वांसाठी ठेवणे या अटीत बसत नाही. आपण ठेवायच्या त्या प्रश्नावल्या, कोडपुस्तके, अहवाल आणि विद्यार्थ्यांनी लिहिलेले सॉफ्टवेअरचे आदेश. या शेवटच्या गोष्टीचा एक चांगला फायदा असा की पुढच्या विद्यार्थ्याला आधीच्याच्या चुका वाचायला मिळतात.

'गुणक' यांच्याशी एका बाबतीत मी किंचित असहमत आहे. छापील आकडा जुळवून पाहावा हे शंभर टक्के मान्य, पण देशाच्या आकड्याने सुरुवात केली तर विद्यार्थी आठवडाभर फाइलीच्या आकाराशीच झगडत बसतो. आरोग्य सर्वेक्षणापुरते तरी राज्याच्या आकड्याने सुरू करावे. समाजशास्त्राच्या विद्यार्थिनीला २१.९ काढून आणायला सांगा.

गुणक (छत्रपती संभाजीनगर)

मान्य आहे. माझा अनुभव खर्चाच्या फाइलींचा आहे आणि तेथे देश-राज्य असा फारसा फरक पडत नाही, म्हणून तसे लिहिले.

संदर्भकक्ष (परभणी)

तीन शनिवार उलटून गेले, म्हणून पुढचे कळवतो. गृहविज्ञानाच्या विद्यार्थ्याची सरासरी आता माणसात आली आहे. त्याच्या फाइलीत ९९९८ च्या नोंदी होत्याच.

समाजशास्त्राच्या विद्यार्थिनीने २१.९ काढायला घेतले तेव्हा पहिल्या खेपेला आकडा त्यापेक्षा बराच जास्त आला. भार लावलेला होता, वयोगट बरोबर होता आणि राज्यही बरोबर होते. आम्ही दोघे दीड तास आदेशांच्या ओळी तपासत बसलो आणि काही सापडेना. शेवटी मांजराकाठ सरांचा तिसरा प्रश्न आठवला, म्हणून छापलेली प्रश्नावली काढली. लग्नाच्या वयाचा प्रश्न अविवाहित स्त्रीला विचारलेलाच नाही. त्यामुळे तिच्या नावासमोर ती जागा रिकामी राहते आणि सॉफ्टवेअर रिकामी जागा असलेली ओळ मुकाट्याने सोडून देते. बावीस-तेविसाव्या वर्षीही लग्न न झालेल्या, शिकणाऱ्या, नोकरी करणाऱ्या सगळ्या मुली तिच्या छेदातून गळाल्या होत्या. त्यांना अठराच्या आत लग्न न झालेल्यांत धरले आणि पुन्हा आदेश चालवला, तर पडद्यावर २१.९ आले. ती काही बोलली नाही, पण तिने तो आकडा वहीत लिहून त्याभोवती चौकट काढली.

तालुक्यांचा हट्ट तिने सोडला आहे. आता तिला मुलाखतींच्या महिन्यांप्रमाणे बीड आणि परभणीतील बंद घरांची संख्या पाहायची आहे. ती नोंद स्त्रियांच्या फाइलीत सापडत नाही. ज्यांची मुलाखत झालीच नाही अशी घरे नेमकी कोणत्या फाइलीत राहतात, की ती प्रसिद्ध केलेल्या आकडेवारीतून आधीच वगळलेली असतात? चूल-पान किंवा मांजराकाठ यांनी सांगितले तर येत्या शनिवारी तिला उत्तर देता येईल.

मांजराकाठ (लातूर)

कुटुंबांच्या फाइलीत मुलाखतीच्या निष्पत्तीचा एक चल असतो. त्याची वारंवारता-सारणी आधी काढून पाहा. सगळ्या ओळींवर 'पूर्ण' हा एकच संकेत दिसला तर अपूर्ण राहिलेली घरे त्या फाइलीत ठेवलेली नाहीत असे समजावे, आणि तसे असेल तर अहवालातील प्रतिसाद-दराच्या तक्त्यांवरच तिला भागवावे लागेल. ते तक्ते राज्यपातळीचे असतात, हे तिला आधीच सांगून ठेवा.